चौथा थांबा

"घ्या डॉक्टरीणबाई, सांभाळा तुमचं लोढणं!"

बाबांनी दारातूनच आवाज दिला आणि गळ्यातलं यंत्र काढून तिच्या टेबलावर ठेवलं. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिला पाच वायरी, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला छातीवरच्या चिकटपट्टीत बसणारं बटण. आदल्या संध्याकाळपासून चोवीस तास ते त्यांच्या अंगावर होतं.

ती काही डॉक्टर नव्हती. इस्पितळाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत बसून ती लोकांच्या हृदयाच्या टेप वाचायची. टेप म्हणायची नुसती सवय राहिली होती. फीत केव्हाच गेली, आता सगळं संगणकात उतरतं. पण मुलीची पदवी परस्पर वाढवायची बाबांना हौस होती आणि त्यांना अडवण्याचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

"भिजवलं नाहीत ना?"

"भिजवतो कशाला, अंघोळच केली नाही. तुझ्या आईने काल माझं ताट बाल्कनीत वाढलं."

"आणि डायरी?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. दिवसभरात काय केलं, कधी काय वाटलं, ते त्यावर वेळेसकट लिहायचं असतं. नव्वद टक्के लोक 'जेवलो' आणि 'झोपलो' एवढंच लिहून आणतात. बाबांचा कागद पुढून-मागून भरलेला होता. एकेचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये एक वही असते, आणि मेन स्विच बंद केला तरी वहीत, चालू केला तरी वहीत, हा त्यांचा शिरस्ता. "जे लिहिलं नाही ते केलं नाही," असं ते नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगत. घरी साखरेच्या डब्यावरसुद्धा तारीख असायची.

"बाहेर बाकावर बसा. अर्धा तास लागेल."

"इथेच बसतो की. माझंच हृदय आहे, मला बघायला बंदी?"

"तुम्ही लुडबुड करता."

"हे बरंय. जन्म दिला आम्ही आणि लुडबुडही आमचीच!" असं म्हणत ते बाहेर गेले. बाक दारापासून दहा पावलांवर होता. तिथे बसून ते समोरच्या इस्पितळाच्या लिफ्टकडे असे बघू लागले, जसा एखादा सोनार दुसऱ्याच्या दुकानातल्या काट्याकडे बघतो.

खरं तर घरच्या माणसाची टेप आपण वाचायची नाही, असा नियम होता. खोलीतल्या भिंतीवर तो चिकटवलेलाही होता. पण दुसरी वाचणारी सोमवारपर्यंत रजेवर होती आणि मोठे डॉक्टर आज संध्याकाळीच बाबांना बघणार होते. शिवाय बाबांची टेप परक्याच्या हाती द्यायची, हे तिला बरं वाटेना. आपल्याइतकं बारीक कोण बघणार?

बाबांना दोन महिन्यांपासून अधूनमधून डोळ्यांपुढे अंधार येत होता. क्षणभरच. "दिवे जातात आणि येतात," ते म्हणायचे. यंत्र बसवताना तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. छातीवर पट्ट्या चिकटवत होती आणि ते विचारत होते, "पण वीज येते कुठून? मीटर कुठाय?"

"मीटर नाही बाबा. हृदयाची प्रत्येक पेशी म्हणजे एक बारकी पिशवी. तिच्या भिंतीला दारं असतात, डोळ्यांना न दिसणारी. आत एक क्षार जास्त, बाहेर दुसरा. दारं उघडली की बाहेरचा क्षार आत घुसतो आणि पेशी चेतते. ती चेतली की शेजारणीला चेतवते. मग थोडा वेळ तिला कितीही डिवचलं तरी ती ढिम्म. तेवढी विश्रांती झाली की पुन्हा तयार."

"आणि पहिलीला कोण चेतवतं?"

"कोणी नाही. वरच्या कप्प्यात पेशींचा एक झुबका असतो, तो आपणहून चेततो. तिथून निरोप निघतो, मधल्या चौकीवर क्षणभर थांबतो, आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो."

"थांबतो कशाला?"

"वरचं रक्त खाली पूर्ण उतरावं म्हणून."

बाबांचा चेहरा एकदम उजळला होता. "म्हणजे दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही! अगं, हे तर आमचंच काम. आणि माझी ती मधली चौकी बिघडली असेल?"

"असेल. ते बघायलाच हे यंत्र."

"बदलून मिळते?"

"कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. खालच्यांना ते हाक देतं."

"मग ठीक आहे. सुटा भाग मिळतोय ना बाजारात, मग काळजी नाही."

टेप उतरली. एका दिवसात हृदयाचे लाखभर ठोके पडतात. एवढे ठोके कुणी एकेक करून बघत नाही; संगणक स्वतःच शहाणपणा करून संशयाच्या जागा काढून देतो आणि माणसाने त्यातल्या खऱ्या-खोट्या ठरवायच्या. वायर हलली, अंग खाजवलं, बटण सुटलं, तरी रेघ बिघडते. अशा खोट्या जागांना त्या खोलीत 'कचरा' म्हणत. एक कळ दाबली की कचरा अहवालातून जायचा.

बाबांच्या टेपमध्ये संगणकाने चार थांबे दाखवले होते. थांबा म्हणजे ठोकाच नाही, रेघ सपाट.

पहिला बारा मिनिटांचा. बारा मिनिटं हृदय थांबलेला माणूस बाहेर बाकावर बसून लिफ्टवर टीका करत नाही. तिने डायरी पाहिली. '११.२० पॅनल उघडले. मेन बंद. अंगावरच्या वायरी काढल्या. ११.३२ लावल्या. मेन चालू.'

"बाबा!" ती जागेवरूनच ओरडली. "वायरी काढल्यात?"

"मग?" बाहेरून उत्तर आलं. "पॅनलमध्ये हात घालताना अंगावर तारा? एकेचाळीस वर्षं टिकलो तो असला आचरटपणा न करून!"

"चोवीस तास म्हणजे चोवीस तास! मध्ये काढायच्या नसतात!"

"लिहिलंय ना सगळं? मग झालं तर."

दुसरा थांबा नऊ मिनिटांचा. '१२.४५ वायरी काढल्या.' तिसरा चौदा मिनिटांचा, तोही कागदावर. तिने तिन्ही कचऱ्यात टाकले. आता ती खरोखर वैतागली होती. एका गोष्टीसाठी चोवीस तास मागितले, तर त्यातलेही मनाला येईल तसे कापून घेतले. लोकांना ती केवढी बजावून सांगायची, आणि स्वतःचा बाप असा.

चौथा थांबा दुपारी चार वाजून पाच मिनिटांचा. पाच पूर्णांक आठ सेकंद.

तिचा हात थबकला. सपाट रेघेवर काहीतरी बारीक थरथर होती. पण उरलेल्या टेपमध्येही बाबांनी जिने चढून, वाकून, पाना आवळून रेघ जागोजागी थरथरवली होतीच. कागदाच्या पुढच्या बाजूला शेवटची नोंद साडेतीनची. वायर ओढली गेली असेल. किंवा पुन्हा काढली असेल आणि लिहायला विसरले असतील.

बाबा दहा पावलांवर बसले होते. "चौथ्यांदा पण काढलीत का?" एवढं विचारायला तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. पण विचारलं असतं तर पुन्हा तोच पाढा, पुन्हा एकेचाळीस वर्षं.

तिने कळ दाबली.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी अहवाल चाळला. "टेप चांगली आहे. ठोके जरा संथ आहेत. पुढच्या आठवड्यात या, मग बघू." बाहेर आल्यावर बाबांनी छातीवर थाप मारली. "बघ, माल पक्का आहे." घरापर्यंत ते चालत गेले. वाटेत त्यांनी तिला सांगितलं की आपल्या इमारतीची लिफ्ट त्यांनी सकाळपासून खोलून ठेवलीये, उद्या संपवतो. आणि तुझ्या आईला सांगू नकोस, ती आधीच जिन्याच्या नावाने बोटं मोडतेय. सांगण्यासारखं एवढंच त्या संध्याकाळी घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली गेले, दुकानातून लिफ्टचे दोन सुटे भाग घेऊन पाच मजले चढून आले, आणि दूध आणायचं विसरले. आई म्हणाली, "डोकं असतं कुठे तुमचं? जा आता परत." ते म्हणाले, "डोकं लिफ्टमध्ये, पाय जिन्यात," आणि गेले. तिसऱ्या मजल्याच्या खाली, वळणाच्या पायरीवर, कठड्याला टेकून बसलेले ते शेजाऱ्याला दिसले. त्याला वाटलं दमलेत. त्याने 'काय, बसलात?' असं विचारलंही.

सगळे म्हणाले, अचानक झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आदल्या दिवशीची टेप तर चांगली होती. कधीकधी असं होतं, कुणाच्या हातात नसतं." ऐकणाऱ्यांना त्या वाक्याचा आधार वाटला. आईला वाटला नाही. त्या दिवसापासून घरात दूध आलं नाही. आई काळा चहा करायची, दोन कपांत ओतायची, आणि पहिल्या घोटाला न चुकता म्हणायची, "मी पाठवलं त्यांना. दुधासाठी." समजूत घालणारे थकले. लेक तर समजूत घालायचीच नाही. कप उचलून गप्प प्यायची. पाहुण्यांना वाटायचं, पोरगी किती धीराची.

पंधराव्या दिवशी ती कामावर गेली, दार लावून घेतलं, आणि कचऱ्यातून चौथा थांबा परत बाहेर काढला.

कुणी नवखी मुलगीही चुकली नसती. सपाट रेघेवरची ती थरथर थरथर नव्हतीच. छोटे, गोलसर उंचवटे होते, सारख्या अंतरावर, सात. वरचा कप्पा नेमाने चेतत होता, नेमाने हाक देत होता. हाक मधल्या चौकीपर्यंत येत होती आणि खाली कुणी ओ देत नव्हतं. वायर सुटली तर हे उंचवटेही दिसत नाहीत. आणि पाच बटणं काढून सहा सेकंदांत परत लावायला माणसाला चार हात लागतील. हे सगळं तिला त्या दिवशीही माहीत होतं. मग तिने डायरीचा कागद उलटला. मागच्या बाजूला बाबांच्या ठसठशीत अक्षरात होतं: '४.०५ दिवे गेले-आले. जिन्यात जरा टेकलो. वायरी जागेवर.'

वायरी जागेवर, हेसुद्धा त्यांनी लिहिलं होतं.

हा थांबा अहवालात असता तर बाबा त्या रात्री घरी झोपलेच नसते. वरच्या मजल्यावर एका खाटेवर असते, शेजारच्या यंत्राला नावं ठेवत.

तिने पट्टी छापून घेतली, घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. पट्टी तिथेच राहिली. रोज सकाळी ती त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसायची आणि परक्यांच्या टेप वाचायची. आता ती काहीच कचऱ्यात टाकत नसे, मोठे डॉक्टर म्हणायचे, "अहो, खोकला सुद्धा छापून पाठवता हल्ली." संध्याकाळी पाच मजले चढून घरी यायची, दर वेळी ती पायरी टाळून पुढच्या पायरीवर पाय ठेवायची. घरात काळा चहा. "मी पाठवलं त्यांना." बोलायला तोंड उघडावं तर वाटायचं, आईचा नवरा गेला, आता लेकही घालवू? न बोलावं तर आई समोर झिजताना दिसायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ती मधल्या कठड्यावर बसून चहा पीत होती. नव्वद दिवसांनी संगणक जुन्या टेप आपोआप पुसतो. ते दिवस ती मोजत होती, आणि पुसल्या जाव्यात म्हणून मोजतेय की त्याआधी बोलायचं म्हणून, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

शहाऐंशीव्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आई इतक्या दिवसांत खाली उतरली नव्हती. लिफ्ट बंद, आणि जिन्यात ती पायरी. आदल्या आठवड्यात पानाने लिफ्ट सुरू करून दिली होती. पाना म्हणजे बाबांचा बावीस वर्षांचा जोडीदार. खिशात कायम पाना असायचा म्हणून नाव पडलं, ते बायकोसुद्धा वापरायची.

लिफ्ट जुनी होती, जिन्याच्या पोकळीतून खाली जाणारी, जाळीच्या दाराची. आईने आत पाऊल टाकलं, साडी सावरली, आणि दोन्ही हातांनी पर्स धरून भिंतीला टेकून उभी राहिली. पाचवा, चौथा, तिसरा. मग एक खट्ट आवाज झाला आणि गाडी थांबली.

"काय झालं गं?"

तिने सगळी बटणं दाबून पाहिली. काही नाही. मग फोन लावला.

"ताई, घाबरू नका," पाना म्हणाला. "दाराला हात लावायचा नाही. उस्ताद काय म्हणायचे?"

"लिफ्टमध्ये अडकलेला मरत नाही. बाहेर पडायची घाई करणारा मरतो."

"बस्स. वहिनींना सांगा, पाऊण तासात आलोच."

फोन ठेवून ती वळली तेव्हा आई जाळीतून बाहेर बघत होती. गाडी दोन मजल्यांच्या मध्ये होती. जाळीपलीकडे, आईच्या छातीच्या उंचीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, वळणाची ती पायरी होती. कडेला दगडाचा टवका उडालेला. वर कठडा.

"हीच ना?" आईने विचारलं.

"हो."

आत एकच स्टूल होतं, बाबांनीच कधीतरी आणून ठेवलेलं. आई त्यावर बसली. आता पायरी आणि आईचे डोळे एका रेषेत आले. लेकीने पाठ फिरवून पाहिली, पण चार फूट जागेत माणूस पाठ फिरवून किती वेळ उभं राहणार? मागच्या भिंतीला आरसा होता. त्यातही पायरी होती. सवयीने तिने स्वतःचं मनगट धरून ठोके मोजले, एकशे अठरा, आणि सोडून दिलं. कुणीतरी जिन्याने वर गेलं, त्या पायरीवर पाय देऊन. "अडकलात काय?" विचारलं आणि उत्तराला न थांबता गेलं.

"हे असते तर केव्हाच सोडवलं असतं," आई म्हणाली.

"बाबा असते तर आधी तुला पाच मिनिटं लेक्चर दिलं असतं."

आई किंचित हसली. शहाऐंशी दिवसांत पहिल्यांदा. मग तोंडाला पदर लावून बसून राहिली.

पाना आला तो धापा टाकत. त्यांच्या शेजारून जिना चढत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. तिने तो आईलाही ऐकू जाईल असा धरला.

"वहिनी, सापडलं. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट. दार लागलंय हे मशीनला कळतच नाही, म्हणून गाडी मध्येच थांबते." तो घुटमळला. "एक सांगू का? हे उस्तादांनी वहीत लिहून ठेवलंय. शेवटच्या दिवशी. 'तिसरा मजला, कॉन्टॅक्ट ढिला, बदलणे.' ते नवे भाग त्याचेच होते. इथे पुडीत तसेच पडलेत. मी वही उघडलीच नाही. दोर बघितला, ब्रेक बघितला, म्हटलं झालं काम. माझं चुकलं, वहिनी. सरळ चुकलं."

"असू दे रे," आई म्हणाली. "माणसाच्या हातून होतं."

"उस्तादांनी कानाखाली दिली असती."

"दिली असती. आणि मग चहा पाजला असता."

"हो," पाना म्हणाला, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "आता मेन बंद करून हाताने फिरवत खाली आणतो. दहा मिनिटं द्या. वहीत लिहितो आणि सुरू करतो."

फोन बंद झाला. क्षणभराने गाडीतला दिवाही गेला. वर मेन बंद झाला होता. जिन्याच्या झरोक्यातून येणारा उजेड जाळीतून आत पडला आणि आईच्या तोंडावर चौकड्या उमटल्या.

"बघ," आई पायरीकडे बघत म्हणाली. "पाना चुकला, बोलला, मोकळा झाला. गाडी अडकली, एवढंच. माझं तसं नाही ना. मी कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं त्यांनाच तर मी पाठवलं. दुधासाठी."

लेकीने पर्सची चेन उघडली. घडी मोडून पट्टी बाहेर काढली. झरोक्याच्या उजेडात ते सात उंचवटे नीट दिसत होते. तिने पट्टी आईच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यासमोर खाली, लिफ्टच्या जमिनीवर बसली.

"हे काय?"

"बाबांची टेप. आदल्या दिवशीची." तिने त्या उंचवट्यांवर बोट ठेवलं. "आई, दुधाचं काही नाही. तू पाठवलंस म्हणून नाही झालं. त्यांचं हृदय आदल्या दुपारीच थांबलं होतं, पावणेसहा सेकंद, आणि बाबांनी ते लिहूनही आणलं होतं. टेपवर मी तो थांबा पाहिला. ते बाहेर बाकावर बसले होते, मी त्यांना विचारलं नाही. वायर सुटली असेल म्हणून मी ते काढून टाकलं. वायर सुटली नव्हती, आई. चूक माझी आहे."